चाळीस खेपा

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट पॅसेजमध्ये दोन नारिंगी शंकू ठेवले होते. रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात, तसले. दोघांमध्ये नऊ मीटर अंतर. एकापासून निघून दुसऱ्याला वळसा घातला की दहा मीटर होतात. बाजूच्या खुर्चीवर स्पीकर, आणि त्यातून ठरावीक वेळानं येणारा ‘बीप’. बीप वाजायच्या आत समोरच्या शंकूपाशी पोचायचं. दर मिनिटाला बीप जवळजवळ येत जातात, म्हणजे चाल वाढवावी लागते. दम लागून थांबलात, किंवा बीप वाजताना शंकूपासून लांब राहिलात, की टेस्ट संपली.

माझे काका अडुसष्ट वर्षांचे. बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होते. पहिल्या शंकूला वळसा घालताना ते म्हणाले, “आयुष्यभर मी बेल मारली आणि बस चालली. आज बेल हा मारतोय आणि मी चालतोय.”

सगळे हसले. पहिल्या मिनिटात फक्त तीन खेपा असतात, तेव्हा हसायला वेळ असतो. सहाव्या मिनिटाला त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी भिंतीला टेकून खेपा मोजत होते. तिसाव्या खेपेनंतर मला राहवलं नाही. “चला काका, थोडंच राहिलंय!” टेस्ट घेणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “प्लीज, काही बोलू नका. त्यांचं त्यांना चालू द्या.”

मला तिचा भयंकर राग आला.

सातव्या मिनिटात, अडतिसाव्या खेपेत, बीप वाजला तेव्हा काका शंकूपासून चार पावलं लांब होते. तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहिले. झालेल्या खेपा सदतीस. म्हणजे ३७० मीटर. हवे होते ४००.

मुलीनं आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्या चुलतभावाच्या, दादाच्या हातात दिला. काकांना अजून धड बोलता येत नव्हतं. तरी ते म्हणाले, “चाललो मी, आणि कागद त्याच्या हातात?”

त्या दिवसापासून दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक, काकांचा हा प्रश्न. आणि दुसरी, मी मनात वापरलेला शब्द: ‘हवे होते’. कुणाला हवे होते? कशासाठी?

आधी ही टेस्ट कशासाठी असते ते सांगते. काकांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लहान गाठ सापडली होती. घरात बरेच दिवस आम्ही ‘गाठ’च म्हणत होतो, कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा काकांनीच उच्चारला. तो लवकर सापडला होता, आणि अशा वेळी गाठ असलेला फुप्फुसाचा कप्पा काढून टाकणं हा पहिला उपाय मानला जातो. आपल्या उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन. एक काढला तरी माणूस जगतो. पण ऑपरेशनचा ताण, नंतरचे दिवस, उरलेल्या फुप्फुसावर पडणारा भार, हे सगळं शरीराला झेपेल का, हे आधी कळायला हवं. नळीत जोरात फुंकायची टेस्ट बसल्या जागी होते. तिच्यातून फुप्फुसात किती हवा मावते आणि ती किती जोरात बाहेर पडते ते कळतं. अडचणीच्या वेळी शरीर किती जोर लावू शकेल, ते तिच्यातून पूर्ण कळत नाही. त्यासाठी माणसाला दमवावं लागतं.

हे दमवणं फार साध्या साधनांनी होतं. जुने सर्जन पेशंटला सरळ जिना चढायला लावत आणि स्वतः सोबत चढत. पुढे इटलीतल्या आंकोना शहरातल्या सर्जननी या जिन्याचा नीट हिशोब मांडला. २००८ साली त्यांनी फुप्फुसाचं मोठं ऑपरेशन झालेल्या ६४० पेशंटांची माहिती प्रसिद्ध केली. ऑपरेशनआधी जे २२ मीटरपेक्षा जास्त उंची चढू शकले होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं. जे १२ मीटरही चढू शकले नव्हते, त्यांच्यात ते सुमारे तेरा टक्के होतं. शंकूंची टेस्ट १९९२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये तयार झाली, ती दम्यासारख्या जुनाट श्वसनविकारांच्या पेशंटांसाठी. ती मुळात खेळाडूंच्या बीप टेस्टवरून बेतलेली आहे; क्रिकेटवाल्यांची यो-यो टेस्ट याच घराण्यातली. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार २२ मीटर जिना किंवा ४०० मीटर शटल यांपैकी जे करायला लावलं असेल ते जमलं, तर धोका कमी धरावा. नाही जमलं, तर पुढची टेस्ट करावी, ज्यात तोंडावर मास्क लावून सायकल मारायची असते.

म्हणजे ४०० पूर्ण झाले नाहीत याचा अर्थ ‘नापास’ नव्हता. त्याचा अर्थ एवढाच होता की अजून एक प्रश्न विचारावा लागेल. पण आम्ही हे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला: ‘३० मीटरनी गेलं.’ खाली हात जोडलेले इमोजी. आत्यानं लिहिलं, ‘पुढच्या वेळी नक्की.’

यात आमचा दोष आहे, पण एकट्या आमचा नाही. आपण परीक्षांच्या गावात वाढलो. माझा मामेभाऊ तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोय. तिथे १६०० मीटर धावताना सेकंदाला किंमत असते, कारण जागा मोजक्या आणि धावणारे हजारो. कुणीतरी मागे राहावं म्हणूनच ती धाव असते. सीईटी, एमपीएससी, कॅम्पस इंटरव्ह्यू, सगळीकडे तेच. त्यामुळे कुणी आपल्याला मोजायला लागलं की आपल्याला वाटतं, ते आपली लायकी मोजतायत. पॅसेजमधल्या त्या चालण्यात कुणाशी स्पर्धा नव्हती. जागा मर्यादित नव्हत्या. काका चाळीस खेपा चालले असते तर दुसऱ्या कुणाचं काही गेलं नसतं. तरी आम्ही ते चालणं भरतीच्या मैदानावर नेऊन ठेवलं.

त्या मुलीनं मला गप्प का केलं, ते मला उशिरा कळलं. माझ्या ओरडण्यानं काका कदाचित अजून तीन खेपा चालले असते. कागदावर ४०० आले असते. डॉक्टर म्हणाले असते, धोका कमी आहे. पण ऑपरेशन टेबलवर ओरडायला मी नसणार होते. तिथे शरीराजवळ जेवढं आहे तेवढंच असतं. माझ्या प्रेमामुळे काकांच्या शरीराबद्दल एक खोटी बातमी तयार झाली असती, आणि ती बातमी खरी मानून कुणीतरी त्यांची छाती उघडली असती. त्या मुलीचा कोरडेपणा माझ्या आरडाओरड्यापेक्षा जास्त काळजीचा होता. आपण आजारी माणसाला धीर देतो, तेव्हा नेहमी विचारत नाही की हा धीर त्याच्यासाठी आहे की आपल्यासाठी.

आणि खरं सांगायचं तर ही टेस्ट दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर चालू होती. काका-काकू गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. तीन मजले म्हणजे दहा-अकरा मीटर उंची. इटलीतल्या त्या २२ मीटरच्या निम्मी. गेली दोन वर्षं काका दुसऱ्या मजल्यावर थांबायचे आणि तिथल्या शेजाऱ्यांशी कठड्याला टेकून गप्पा मारायचे. काकू चिडायची, “भाजी आणायला गेला की बातम्या द्यायला?” आम्ही हसायचो. त्या गप्पा श्वास परत येईपर्यंतच्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी येऊ दिलं नाही.

मास्क लावून सायकल मारायच्या टेस्टमध्ये शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजतात: दर किलो वजनामागे, दर मिनिटाला, किती मिलिलिटर. वीसच्या वर असेल तर धोका कमी, दहाच्या खाली असेल तर फार जास्त. काकांचा आकडा आला १४. मधला.

मधला आकडा सगळ्यात प्रामाणिक असतो, कारण तो तुमच्या वतीनं निर्णय घेत नाही. आणि थोडा विचार केला तर बाकीचे आकडेही घेत नाहीत. जिन्याच्या त्या अभ्यासात १२ मीटरही न चढलेल्यांपैकी सुमारे तेरा टक्के गेले. म्हणजे सत्याऐंशी टक्के गेले नाहीत. तो आकडा शंभर माणसांबद्दल बोलतो. काका शंभर नाहीत, एक आहेत. ते एकतर वाचतील किंवा नाही. तेरा टक्के मरता येत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४० साली एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. ‘असं आहे’ या वाक्यापासून ‘असं करावं’ या वाक्यापर्यंत आपण नकळत उडी मारतो, आणि मधली जागा कशानं भरली ते सांगत नाही. १४ हे ‘आहे’. ऑपरेशन करावं का, हे ‘करावं’. या दोघांमधली जागा कोण भरणार?

सर्जन भरू शकतो. पण त्याचेही स्वतःचे आकडे असतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयाच्या बायपास ऑपरेशनमधले मृत्यू सर्जनच्या नावानिशी जाहीर करायला सुरुवात केली. हेतू चांगला होता: लोकांना कळावं, हॉस्पिटलांनी सुधारावं. पण तेव्हापासून एक वाद चालूच आहे. आपला आकडा चांगला दिसावा म्हणून सर्जन धोक्याचे पेशंट टाळू लागतील, त्याचं काय? ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद. पेशंटला धोक्यापासून वाचवणं आणि स्वतःला पेशंटपासून वाचवणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत वाक्य एकच असतं: “तुम्हाला झेपणार नाही.”

नातेवाईक भरू शकतात. आपल्याकडे बहुतेक वेळा तेच भरतात, म्हणून तर कागद दादाच्या हातात गेला. दादाचं म्हणणं स्पष्ट होतं: १४ म्हणजे ऑपरेशन होऊ शकतं, मग करायचंच. काकूचं म्हणणंही तितकंच स्पष्ट होतं: छाती उघडायची नाही. दोघांनाही काका हवे होते. दादाला पाच वर्षांनंतरचे, काकूला पुढच्या महिन्यातले.

सर्जननी शेवटी काकांनाच समोर बसवलं. आम्ही मागे उभे. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन शक्य आहे, धोका मध्यम आहे, आणि कॅन्सर मुळापासून जाण्याच्या दृष्टीनं आजच्या माहितीनुसार तोच पहिला पर्याय आहे. दुसरा पर्याय म्हणजे नेमक्या गाठीवर मारलेलं जास्त तीव्रतेचं रेडिएशन, मोजक्या बैठकांमध्ये. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांना ते देतात. त्याचेही धोके आहेत, पण छाती उघडावी लागत नाही.

काकांनी विचारलं, “ऑपरेशननंतर मी तीन जिने चढेन?”

“बहुतेक चढाल, पण आधीपेक्षा सावकाश. गुंतागुंत झाली तर कदाचित बरेच महिने नाही.”

“तुम्ही काय कराल?”

“मी ऑपरेशन करून घेईन,” डॉक्टर म्हणाले. “पण मी तुमच्या जागी नाही.”

काकांनी आठ दिवस घेतले आणि रेडिएशन निवडलं.

दादा संतापला. ऑपरेशन होऊ शकतं असं डॉक्टर स्वतः म्हणत असताना नाही म्हणायचं? “पास झालात तरी?” तो खरंच असं म्हणाला. काका म्हणाले, “पास झालो म्हणजे नोकरी घेतलीच पाहिजे, असं कुठे आहे?”

त्यांचं कारण अगदी घरगुती होतं. काकूला मधुमेह आहे आणि नजर फार कमी झालीये. सकाळ-संध्याकाळ तिचं इन्सुलिन काका देतात. किती युनिट, ते सुईवर तेच बघतात. दादा म्हणाला, आम्ही करू. काका म्हणाले, “कराल. पंधरा दिवस कराल.” त्यांना मरणाची भीती त्यापेक्षा कमी होती. खरी भीती होती ती तीन महिने खाटेवर पडून काकूला दुसऱ्याच्या हाताची वाट बघताना ऐकायची.

दादाचा युक्तिवाद मी आजही खोडू शकत नाही. कॅन्सर उलटला तर काकूला इन्सुलिन कोण देणार? तिच्यासाठीच ऑपरेशन करून घ्यायला नको का? मला तेव्हा वाटलं की काका चुकतायत. अर्धं आजही वाटतं. पण एक फरक मला दिसतो. त्यांना आकडा माहीत होता, त्याचा अर्थ माहीत होता, डॉक्टरांचं मत माहीत होतं, आणि तरी त्यांनी ठरवलं. हे ठरवणं आणि घाबरून पळणं एक नव्हे. आकडा लपवून, किंवा माझ्यासारखा ओरडून फुगवून, त्यांच्याकडून होकार घेतला असता, तर तो निर्णय वैद्यकीयदृष्ट्या बरोबर ठरला असता कदाचित. पण तो त्यांचा नसता.

याउलट एक गोष्ट फुप्फुसांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहॅम या सर्जननी जेम्स गिलमोर या पेशंटवर ऑपरेशन केलं. गिलमोर स्वतः डॉक्टर होते. ठरलं होतं एक कप्पा काढायचं. छाती उघडल्यावर लक्षात आलं की तेवढ्यानं भागणार नाही, संपूर्ण फुप्फुस काढावं लागेल. पेशंट बेशुद्ध. गिलमोरांचा एक डॉक्टर मित्र तिथे हजर होता. त्याच्याशी बोलून ग्रॅहॅमनी फुप्फुस काढलं. कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस एका वेळी काढूनही पेशंट वाचला, अशी ही पहिली केस. गिलमोर पुढे तीस वर्षं जगले. ग्रॅहॅम त्यांच्या आधी, १९५७ साली गेले. फुप्फुसाच्याच कॅन्सरनं.

आपण म्हणतो, केवढा धाडसी निर्णय! पण गिलमोर टेबलवरच गेले असते तर? निर्णय तोच, माहिती तीच, हात तेच, आणि आपण त्याला अविचार म्हटलं असतं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली यालाच ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. आपल्या कृतीचा चांगलेपणा आपण अशा गोष्टींवरून ठरवतो, ज्या आपल्या हातात नव्हत्याच.

म्हणून काका आता कसे आहेत, हे मी इथे लिहिणार नाही. बरे आहेत म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बरोबर केलं. नाहीत म्हटलं तर म्हणाल, दादाचं ऐकायला हवं होतं. त्यांनी ठरवलं त्या दिवशी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांच्याजवळ जे होतं, तेवढ्यावरूनच त्यांना जोखणं न्यायाचं आहे. ती मुलगी पॅसेजमध्ये तेच करत होती. बाहेरून काही जोडू नका, एवढंच तर ती म्हणत होती.

निर्णय डॉक्टरांना कळवून आम्ही संध्याकाळी गिरगावात परतलो. काका पुढे, मी त्यांची फाइल घेऊन मागे. कागद आता त्या फाइलमध्ये होता, आणि फाइलवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नाव घातलं होतं. दुसऱ्या मजल्यावर शेजारी कठड्यापाशी उभे होते. काका नेहमीसारखे थांबले, पण गप्पा सुरू केल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले.

“दम लागलाय,” ते म्हणाले. “पाच मिनिटं बसतो.”

मी काही बोलले नाही. त्यांच्या शेजारी बसले.